मामाच्या डब्यातल्या गाड्या: रंग काढायच्या कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

नौपाड्यातली मामाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून आम्ही सगळे सकाळपासून सामान बांधायला. माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला, झाकण गंजून घट्ट बसलेलं, मामाने चमच्याच्या दांड्याने उचकटलं आणि मग तासभर बाकीचं सगळं काम थांबलं. आत जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या खेळण्यातल्या आठ छोट्या गाड्या. चार मॅचबॉक्सच्या, तळावर मेड इन इंग्लंड बाय लेस्नी (म्हणजे मॅचबॉक्स बनवणारी कंपनी) असं बारीक अक्षरात. ५ नंबरची लाल डबल डेकर बस, ९ नंबरचा फायर इंजिन, २५ नंबरची फोर्ड कॉर्टिना, २७ नंबरची मर्सिडीज २३० एसएल. एक निकी टॉइजची स्टँडर्ड हेरल्ड, म्हणजे डिंकी या इंग्लिश खेळणी कंपनीचे जुने साचे कलकत्त्याला आणून ज्या गाड्या बनवल्या त्यातली. बाकी तळावर काहीच नाव नसलेला एक ट्रक आणि चाकं नसलेल्या दोन बॉड्या.

मॅचबॉक्सवाल्या चारही खालच्या मजल्यावरच्या काकांनी आणलेल्या, ते बोटीवर होते. चाकं काळी, जाड प्लॅस्टिकची. हॉट व्हील्स १९६८ ला आल्या आणि त्यांच्या पळणाऱ्या चाकांना उत्तर म्हणून लेस्नीने १९६९ पासून सुपरफास्ट नावाची पातळ चाकं आणली, म्हणजे या त्याच्या आधीच्या बनावटीच्या. मामाचा जन्म ६१ चा, हिशोब बरोबर बसतो.

मर्सिडीज मात्र ओळखूच येईना. पूर्ण हिरवी. मामा म्हणाला, "अगं हिला मीच रंग दिलाय. दिवाळीला आजोबांनी गॅलरीचे कठडे रंगवले ना, त्यातला उरलेला ऑइल पेंट." बॉनेटवर रंगात ब्रशचा एक केस अडकलाय, पन्नास वर्षं तसाच, नखाने चाचपला तर लागतो. मामाने ती बराच वेळ हातात धरली आणि विचारलं, "होईल का गं पहिल्यासारखी?"

डबा घरी घेऊन आले. काय केलं, कशात किती वेळ ठेवलं, हे लिहून ठेवणार आहे. नोकरीतली सवय आहे, रबाळ्याला औषध कंपनीच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये दिवसभर सॉल्व्हंटच हाताळते, आणि न लिहिलेला प्रयोग म्हणजे न केलेलाच.

१९ एप्रिल, शनिवार

गाड्या उघडल्या. तळाची पत्री बॉडीच्या खुंटावर रिव्हेट केलेली असते, खुंटाचं डोकं दाबून पसरवलेलं, मशरूमसारखं. त्याच्या बरोब्बर मधे पंचने खूण करून ३ एमएमचं बिट हातड्रिलने सावकाश फिरवायचं, डोक्याची कडा रिंगसारखी सुटून आली की लगेच थांबायचं. पॉवर ड्रिल लावायचं नाही, जस्त मऊ असतं, बिट एकदा आत घुसलं की खुंटच जातो. नंतर त्याच खुंटात १.६ एमएमचं भोक पाडून आत आटे पाडायला एम २ चा टॅप मारला की स्क्रूने परत बसवता येते. पाच गाड्यांना दोन तास गेले. बसला हात लावला नाही, कारण खाली येईलच.

लोहचुंबक लावून बघितलं, एकालाही चिकटत नाही. म्हणजे झॅमॅक, जस्ताचं मिश्रण, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम, कधी तांबं. हे मिश्रण न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये काढलं. पुढचा सगळा निर्णय याच एका गोष्टीवर अवलंबून आहे म्हणून ठळक लिहून ठेवतेय. जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही ॲसिडलाही विरघळतात आणि तीव्र अल्कलीलाही. लोखंडी गेटचा रंग काढायला जे चालतं ते इथे चालेलच असं नाही.

बिननावाच्या ट्रकला मागच्या बाजूला बारीक भेगांचं जाळं आहे आणि केबिन जराशी फुगलीय. ही झिंक पेस्टची (pest, म्हणजे जस्ताची कीड) लक्षणं, ओतताना धातूत शिसं गेलं की धातू आतून कणाकणाने सुटत जातो. त्याला कुठलाच इलाज नाही आणि कुठलंही स्ट्रिपर, म्हणजे रंग काढायचं रसायन, लावलं तर भेगांत शिरून राहील. ट्रक कोरडा पुसून वेगळ्या डबीत ठेवला.

२० एप्रिल, रविवार

जांभळी नाक्याला भाजी घ्यायला गेले तशीच पुढे हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदाराला म्हटलं, दादा, जुना रंग काढायचाय, त्याने न विचारता पेंट रिमूव्हरचा डबा पुढे केला, "ताई हाच घ्या, दहा मिनिटात साफ". लेबलवर सगळ्यात बारीक अक्षरात मेथिलीन क्लोराइड. लॅबमध्ये आम्ही त्याला डीसीएम म्हणतो आणि फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या बाहेर त्याची बाटली उघडायला परवानगी नाही. उकळबिंदू साधारण ४० अंश, म्हणजे ठाण्याच्या मे महिन्यात दुपारी बाल्कनीत नुसतं उघडं ठेवलं तरी उडून जाईल, आणि जे उडेल ते आपण श्वासातून घेणार. शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. निळ्या नायट्राइल ग्लोव्हजमधून ते दोन-चार मिनिटांत आरपार जातं, हे मला माहितेय कारण बोटं गार पडून मग चुरचुरलेली आहेत एकदा. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती रंग काढायला त्याची विक्री बंद आहे. आपल्याकडे ते ताकाच्या पाकिटाइतकं सहज मिळतं.

तरी एक डबा घेतला, कारण मला माझ्या डोळ्यांनी तुलना करायचीय. घरात उघडणार नाही.

बाकी यादी: आयसोप्रोपिल अल्कोहोल, ॲसिटोन, कॉस्टिक सोडा, बाइकच्या दुकानातून ब्रेक ऑइल डॉट ३, आणि डेटॉल घरात होतंच. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर मुद्दाम नाही घेतला. एक तर भट्टीत भाजलेल्या रंगावर तो तसा काही करत नाही आणि वासाने घर भरून जातं. टर्पेंटाइनचं तर नावच नको, ते ओला रंग पातळ करायला असतं, वाळून दगड झालेल्या रंगाला त्याचा काही उपयोग नाही. ब्रेक ऑइल घेताना डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, रंगाला काही करत नाही. डॉट ३ किंवा डॉट ४, जे ग्लायकॉलचं असतं तेच.

२६ एप्रिल, शनिवार

ट्रायल. लेकीच्या खेळण्यातल्या मोडक्या हॉट व्हील्स तिला विचारून घेतल्या (सात वर्षांची आहे, एक गाडी गेली तर त्या बदल्यात दोन पाहिजेत असं ठरलंय) आणि चाकं नसलेल्या त्या दोन बॉड्या. जॅमच्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर नाव, तारीख, वेळ, आणि लाल मार्करने कवटी काढली म्हणजे लेक हात लावणार नाही. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला, स्वयंपाकघरापासून लांब, कारण ॲसिटोन आणि अल्कोहोल दोन्ही झटकन पेट घेतात आणि गॅस चालू असतो.

डीसीएमवाला डबा सकाळी साडेसहाला सोसायटीच्या टेरेसवर नेला. झाकण फिरवलं तर फुस्स करून आवाज आला, रात्रभर गरम खोलीत राहून आत दाब झालेला. वाऱ्याकडे पाठ करून ब्रशने एका बॉडीवर लावलं. सात मिनिटांत रंग सुरकुतला, गरम दुधावरची साय बोटाने ढकलली की जमा होते तसा, आणि चिंधीने एका फटक्यात खाली धातू. काम करतं, खोटं नाही बोलणार. पण तेवढ्यात वाऱ्याची दिशा एकदा फिरली आणि मला तो गोडसर वास आला तेव्हाच ठरवलं की बस. उरलेला डबा घट्ट बंद करून टेरेसच्या कुलूपबंद खोलीत. घरात लहान मूल असेल, एकच बाल्कनी असेल तर हे वापरूच नये असं माझं ठाम मत आहे, कोणी कितीही लवकर होतं म्हणून सांगितलं तरी.

२७ एप्रिल, रविवार

कॉस्टिक सोड्याने माझी एक बॉडी खाल्ली. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे (सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, आणि चष्मा लावूनच), प्लॅस्टिकच्या टबात. पाच मिनिटांत रंगाचे पापुद्रे तरंगायला लागले, बारीक बुडबुडे, मला बरं वाटलं. मग मामाचा फोन आला, टेम्पोवाला आणि भाड्याचं घर यावर बोलता बोलता चाळीस मिनिटं गेली. परत आले तर टबातून सारखे बुडबुडे आणि बॉडी काळपट. बुडबुडे रंगाचे नव्हतेच, जस्त आणि ॲल्युमिनियम सोड्यात विरघळून हायड्रोजन सुटत होता. बाहेर काढून घासली तर काळा थर हाताला लागतो, आणि दाराची जी खाच असते ती अर्धी भरल्यासारखी गुळगुळीत, आतल्या बाजूचे आकडे वाचता येईनात. पाच मिनिटांनीच काढली असती तर कदाचित ठीक झालं असतं, खूप लोक असं करतात आणि त्यांचं नीट होतं, पण घड्याळ लावून समोर बसून राहणाऱ्यांचंच. मी बसले नाही. हेरल्डला हे लावलं असतं तर काय झालं असतं या विचाराने संध्याकाळपर्यंत कशात लक्ष लागलं नाही.

व्हिनेगरनेही रंग निघतो असं सांगणारे लोक भेटतात. ते ॲसिड आहे, तेही जस्त खातं, फक्त हळू खातं.

बाकी बरण्यांचं २४ तासांनंतरचं असं. आयसोप्रोपिल अल्कोहोल: वरची छपाई, पट्टे, नंबर गेले, मूळ रंग जसाच्या तसा. ॲसिटोन: एका गाडीचा रंग तासाभरात कागदासारखा सुटला, दुसरीचा नुसता मऊ पडून परत कडक झाला. आणि त्या दुसरीत खिडकीच्या प्लॅस्टिकचा एक तुकडा चुकून आत राहिला होता, त्याचा डिंक झालाय आणि छताला आतून चिकटलाय. म्हणजे ॲसिटोनच्या आधी काचा, सीट, सगळं बाहेर, एक तुकडाही राहता कामा नये. ब्रेक ऑइल: अजून काही नाही, कडा जरा फुगल्यासारख्या.

डेटॉल: रंग मऊ झालाय, ब्रशने निघतोय. मी उत्साहात बॉडी नळाखाली धरली आणि तिथेच चुकलं. डेटॉल पाण्यात गेलं की पांढरं होतं हे आपण लहानपणापासून बादलीत बघतो, पण इथे रंग विरघळलेलं डेटॉल पाणी लागताच डांबरासारखं चिकट झालं, ब्रशचे केस एकमेकांना चिकटले, बॉडीवर चिखल. परत डेटॉलमध्ये बुडवून, डेटॉलमध्येच घासून, पूर्ण रंग गेल्यावर मगच साबण आणि पाणी असा क्रम पाहिजे. त्यातलं क्लोरोझायलेनॉल फक्त ४.८ टक्के, ते जंतू मारायला. रंगाला मऊ करतं ते त्यातलं टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. धातूला, प्लॅस्टिकला जवळपास काहीच त्रास नाही. वास मात्र दवाखान्यासारखा, नवऱ्याने ऑफिसमधून आल्या आल्या विचारलं कोण आजारी आहे.

१ मे, गुरुवार

सुट्टी. ब्रेक ऑइलवाली बॉडी पाच दिवसांनी काढली, रंग जुन्या टूथब्रशने साफ निघाला, धातू एकदम स्वच्छ, दाराच्या खाचा धारदार. हळू आहे पण कामाचं आहे. फक्त ते तेलकट राहतं, भांड्याच्या साबणाने तीनदा धुवावं लागतं आणि एखादा थेंब बाल्कनीच्या रंगवलेल्या ग्रिलवर पडला तर तिथलाही रंग जाईल. पोटात गेलं तर विषारी आहे, त्यामुळे मांजर-कुत्रं असलेल्या घरात बरणी झाकूनच.

आता कुठल्या गाडीला काय, ते ठरवायला बसले तर आधी बस उचलली. दोन्ही बाजूंना व्हिस्को स्टॅटिकची जाहिरात, बीपीच्या तेलाची, अजून शाबूत. लाल रंग कोपऱ्यांना उडालाय, पुढे एक ओरखडा. कुठलंही स्ट्रिपर लावलं की ती अक्षरं पहिली जाणार. नवीन छापून मिळतात, पण मग ती नवीन असतात. बस फक्त ओल्या कपड्याने पुसायची. ठरलं.

फायर इंजिनचं उलटं. तिच्यावर मूळ रंग चाराण्यासुद्धा उरला नाहीये, मामा आणि त्याचे मित्र ती चाळीच्या जिन्यावरून सोडायचे. ती पूर्ण उघडी करून परत रंगवायची, म्हणजे ब्रेक ऑइल. रंग कोरडा घासायचा नाही हे मात्र सगळ्यांनाच लागू, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, ते धुळीतून घरभर जातं. जे काही घासायचं ते ओलं.

४ मे, रविवार

कॉर्टिना. हिच्या चारही दिव्यांवर आणि टपावर गुलाबी ठिपके आहेत, मला वाटलं कुठलातरी रंग, आईला फोटो पाठवला तर आईचा लगेच फोन, "अगं ते माझं नेलपॉलिश! तुझ्या मामाने मला कधी खेळायला दिली नाही म्हणून मी त्याच्या गाडीला लावलं होतं." पंचावन्न वर्षांनी कबुली मिळाली. मामाला सांगितलं तर म्हणाला, मला वाटायचं बोटीवरच्या काकांनीच तशी आणलीय.

नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज, त्याला ॲसिटोन सेकंदात उचलतं, आणि खालचा रंग कारखान्यात भट्टीत भाजलेला, तो काही सेकंदांनी हलत नाही. म्हणून बरणीत बुडवायचं नाही. काचा काढून ठेवल्या, कानाच्या काडीचं टोक ॲसिटोनमध्ये बुडवून टिश्यूवर टेकवलं म्हणजे ओघळणार नाही, ठिपक्यावर एकदाच फिरवून लगेच कोरड्या काडीने टिपलं. प्रत्येक वेळी नवीन काडी. चाळीस काड्या लागल्या. खाली फिकट चॉकलेटी मेटॅलिक रंग पूर्ण सुरक्षित, टपावर फक्त एका ठिकाणी चमक किंचित कमी झाली, तिथे मी दोनदा फिरवलं होतं.

तेच ॲसिटोन, मागच्या आठवड्यात बरणीत त्याने गाडीचा अख्खा रंग सोलला आणि आज फक्त नेलपॉलिश. वेळ आणि हात, एवढाच फरक. हे मला लॅबमध्ये रोज दिसतं पण घरी करताना वेगळंच वाटलं.

१० मे, शनिवार

मर्सिडीज. गेला आठवडा हिच्याबद्दलच विचार करतेय. हिरवं काढायचं पण खालचा लेस्नीचा पांढरा राहायला पाहिजे, म्हणजे वरचा रंग जाईल आणि खालचा राहील असं काहीतरी हवं. ब्रेक ऑइल दोन्ही नेईल. ॲसिटोन ऑइल पेंटवर फार हळू आणि तेवढ्या वेळात पांढराही मऊ होईल. राहिलं डेटॉल.

या गाडीची दारं उघडतात, ते फार बरं झालं. डाव्या दाराची आतली कड, जिथे बंद झाल्यावर दिसत नाही, तिथे पांढरा उघडाच आहे, मामाचा ब्रश पोचला नव्हता. कापसाचा छोटा बोळा डेटॉलमध्ये भिजवून तिथे ठेवला, वर प्लॅस्टिकचा तुकडा म्हणजे वाळणार नाही. सहा तास. दर तासाला उचलून बघितलं. पांढरा तसाच, चमक जरा उतरली, बोळ्याला रंग लागला नाही. मग लाल सीट आणि पुढची काच काढून ठेवली आणि बॉडी बुडवली, दुपारी सव्वाचार.

११ मे, रविवार

पहिले तीन तास काहीच नाही. रात्री साडेदहाला बॉनेटच्या कडेला काडीने ढकललं तर हिरवा रंग रबरासारखा हलला. तेव्हा बाहेर काढून ठेवली, झोपेत असताना बुडवून ठेवायची माझी तयारी नव्हती, सोड्याचं ताजं होतं. सकाळी परत.

अकराच्या सुमाराला बॉनेटवरचा तो ब्रशचा केस सुटला. रंग त्याच्या बाजूने आधी मऊ झाला आणि केस चिमट्याने उचलला तर त्याच्याबरोबर हिरव्याची एक लांब पट्टी आली, खाली पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर केसाची बारीक रेघ, अगदी नखाने काढल्यासारखी. मग बांबूच्या टूथपिकचं टोक चावून मऊ करून त्याने घासत गेले, धातूचं काही लावलं नाही. दुपारी तीनपर्यंत टप, बॉनेट, उजवी बाजू. पाणी नाही, फक्त डेटॉल, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग साबण. अल्कोहोल मूळ रंगाला काही करत नाही हे पहिल्या ट्रायलमध्ये कळलं होतंच, ते इथे उपयोगाला आलं.

पुढचं डावं मडगार्ड वेगळं निघालं. तिथे पांढरा नव्हताच, धातू उघडा, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याच्यावरचा हिरवा डेटॉलची वाटही न बघता आधीच सुटलेला होता, पापुद्रा उचलला की खाली भुरकट पावडर. याचं कारण माहितीये. ऑइल पेंट उघड्या जस्तावर टिकत नाही, त्यातल्या तेलाची आणि जस्ताची रिॲक्शन होऊन मधे साबण तयार होतो आणि रंग धातूला धरून राहत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला थेट रंग दिला की दोन पावसाळ्यांत सोलतो तेच.

म्हणजे मामाने रंग दिला तेव्हाच तिथे मूळ रंग उडालेला होता. फोन करून विचारलं. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "गॅलरीतून पडली होती गं. आजोबा ओरडतील म्हणून पूर्णच रंगवली."

१७ मे, शनिवार

मडगार्डला पांढरा लावायचा का यावर मी आणि नवरा दोन दिवस बोलतोय. त्याचं म्हणणं, एवढं केलंस तर तेवढं भरून टाक, कळणार नाही. मला वाटतं कळेल. नवीन पांढरा आणि जुना पांढरा शेजारी ठेवले की नवा निळसर दिसतो, जुना साय आलेल्या दुधासारखा. आणि तो उडालेला तुकडा हीच या गाडीची गोष्ट आहे, हिरवा त्याच्यासाठीच आला होता. नाही लावणार. भुरकट पावडर मऊ ब्रशने काढली, उघड्या धातूवर मेणाचा पातळ हात दिला म्हणजे दमट हवेत पांढरा गंज चढणार नाही. डाव्या दाराच्या आतल्या खाचेत हिरव्याचा मसुराएवढा तुकडा तसाच ठेवला. पुढे कधी कुणाला कळायला पाहिजे तिथे काय होतं.

फायर इंजिन ब्रेक ऑइलमधून काढलं, शिडी आधीच वेगळी ठेवली होती. स्वच्छ.

२५ मे, रविवार

फायर इंजिनला एच (etch) प्रायमर मारला. साधा प्रायमर जस्तावर धरत नाही, एच प्रायमरमधलं ॲसिड धातूला अगदी थोडंसं खाऊन पकड करतं, ॲसिड जस्त खातं हेच इथे कामाला येतं. धुऊन वाळवल्यावर हात न लावता, बोटांचं तेल लागायच्या आत मारायचा. दोन पातळ हात, मधे पंधरा मिनिटं.

आभाळ सकाळपासून भरलेलं.

२६ मे, सोमवार

पाऊस आलाच. मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी, नेहमीची तारीख ११ जून, यंदा १६ दिवस आधी, १९५० पासूनच्या नोंदींत सगळ्यात लवकर. ठाण्याहून रबाळ्याला जाणारी लोकल अर्धा तास ऐरोलीच्या अलीकडे उभी.

म्हणजे लाल रंग आता नाही. एवढ्या दमट हवेत स्प्रे मारला की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर पाणी जमतं आणि रंगात पांढरं धुकं बसतं. प्रायमरवालं इंजिन आणि सगळ्या उघड्या बॉड्या झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. सिलिका दर पंधरा दिवसांनी बदलायची.

१ जून, रविवार

कचरा. बाल्कनीत बरण्या ठेवून गाळ खाली बसू दिला, वरचं डेटॉल आणि ब्रेक ऑइल गाळून परत वापरायला ठेवलं, अजून चालेल. रंगाचा गाळ वर्तमानपत्रावर पसरून वाळवला, पिशवीत बांधून घरगुती घातक कचऱ्यात वेगळा दिला. सिंकमध्ये ओतायचं नाही. कॉस्टिकवाली ती गुळगुळीत झालेली बॉडी ठेवलीय, बरणीवर वेळ लिहायला विसरले की ती समोर येते.

८ जून, रविवार

मामा आता खारकर आळीत भाड्याने राहतो, दोन खोल्या, निम्मं सामान अजून खोक्यात. बस, कॉर्टिना आणि मर्सिडीज घेऊन गेले. मामीने टेबलावर जुनी साडी अंथरली. मर्सिडीजची काच आणि सीट बसवून, एम २ च्या स्क्रूने बंद केलेली. मामाने आधी मडगार्ड बघितलं, अंगठा बरोबर त्या उघड्या जागेवर. मग नखाने डावं दार उघडलं.

"अगं, इथे राहिलंय की थोडं."

"मुद्दाम ठेवलंय."

काही बोलला नाही. दार बंद केलं, परत उघडलं, मामीला बोलावून दाखवलं. मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि कॉर्टिना कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "घे, खेळ आता."

हेरल्डचा रंग काढायला अजून घेतलेला नाही. तिचा रंग मॅचबॉक्सपेक्षा पातळ आणि मऊ वाटतो, नखाने कडेला जरा दबतो, त्यामुळे डेटॉलसुद्धा आधी आतल्या बाजूला तासभर लावून बघायचं. ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर. तोपर्यंत लाल रंगाचा कॅन आणि ३ एमएमचं नवीन बिट आणायचंय, जुन्याची धार गेली.